विश्लेषण : मोबाइलवर ‘ड्रिफ्ट’ जमला, धारूर घाटात त्याचा उपयोग किती?

तेलगावच्या चौकात बीड-परळी रस्ता आणि धारूर-माजलगाव रस्ता एकमेकांना छेदतात. धारूरच्या दिशेने निघाले की पुढे बालाघाटाच्या डोंगरातला घाट लागतो. गाळप हंगामात या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस सुरू असतात. याच भागातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या मोबाइलवर मात्र वेगळाच घाट चालू असतो. त्यात गाडी वळणावर आडवी होते, टायरमधून धूर निघतो आणि पडद्यावर गुण जमा होतात. हाच तो ‘ड्रिफ्ट’. पालकांच्या लेखी हा वेळेचा नास, तर मुलांच्या लेखी गाडी चालवण्यातली शेवटची इयत्ता. दोघांचेही अर्धेच खरे आहे. गेममध्ये ड्रिफ्ट शिकणारा मुलगा टायर आणि रस्ता यांच्या नात्याविषयी खरोखर काही शिकतो. पण शिकलेल्या गोष्टीचा वापर रस्त्यावर नेमका उलटा करायचा असतो, हे त्याला गेम सांगत नाही आणि घरातलेही कोणी सांगत नाही.

ड्रिफ्ट म्हणजे नेमके काय?

स्टिअरिंग फिरवले म्हणून गाडी वळते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिला वळवते ती टायरची रस्त्यावरची पकड. ही पकड मर्यादित असते. टँकरच्या दिवसांत घरात आलेली एक घागर जशी पिणे, स्वयंपाक आणि धुणे यांत वाटून वापरावी लागते, तशी टायरला आपली पकड वेग वाढवणे, ब्रेक लागणे आणि वळणे या तीन कामांत वाटावी लागते. वळणावर जोरात ब्रेक दाबला तर पकड ब्रेकलाच खर्ची पडते आणि वळायला काही उरत नाही.

पुढच्या चाकांची पकड आधी संपली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणाबाहेर सरळ जाते. याला ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. मागच्या चाकांची आधी संपली तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. तो ‘ओव्हरस्टिअर’. मागची चाके मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी होऊ द्यायची आणि तशाच अवस्थेत तिला ताब्यात ठेवून वळण पार करायचे, म्हणजे ड्रिफ्ट.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावरून मोटारसायकल चालवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चिखलात मागचे चाक ज्या बाजूला सरकते, त्याच बाजूला हँडल हलकेच वळवायचे आणि ब्रेकला हात लावायचा नाही, हे त्याला पडून-झडून कळलेले असते. ड्रिफ्टमधले ‘काउंटर-स्टिअर’ याच जातीचे. शेतकरी ते घर गाठण्यासाठी करतो आणि गेममधला मुलगा गुणांसाठी, एवढाच फरक.

हा प्रकार आला कुठून?

जपानमधून. कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने १९७० च्या दशकात वळणावर गाडी घसरवत नेण्याची शैली गाजवली. ती पाहून केइची त्सुचिया याने डोंगरातल्या अरुंद घाटरस्त्यांवर सराव केला आणि पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ हे नाव मिळवले. त्याची टोयोटा एई८६ ही छोटी, हलकी गाडी आजही बहुतेक ड्रिफ्ट गेममध्ये या ना त्या रूपात भेटते. १९९५ मध्ये सुरू झालेली शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथामालिका आणि २००६ चा ‘टोक्यो ड्रिफ्ट’ हा चित्रपट यांनी हे वेड जगभर पोहोचवले.

या इतिहासातला एक भाग पडद्यावर येत नाही. ड्रिफ्टला खेळ म्हणून मान मिळाला तो घाट सोडल्यावर. स्पर्धा बंद ट्रॅकवर गेल्या. गाडीत लोखंडी पिंजरा, अंगावर आग न लागणारे कपडे, डोक्यावर हेल्मेट आणि ट्रॅकशेजारी रुग्णवाहिका आली. वळणाची रेषा, गाडीचा कोन आणि शैली पाहून पंच गुण देऊ लागले. समोरून एसटी येण्याची शक्यता शून्य झाली, तेव्हाच हा प्रकार खेळ ठरला.

गेममध्ये ड्रिफ्ट शिकतात कसा?

सगळे गेम सारखे नसतात. ‘अॅस्फाल्ट’सारख्या गेममध्ये ब्रेकचे बटण दाबले की गाडी आपोआप आडवी होते आणि नायट्रोची टाकी भरते. ती आतषबाजी आहे, तिच्यातून गाडीविषयी फारसे काही कळत नाही. ‘कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग’, ‘ग्रॅन टुरिस्मो’ किंवा ‘असेट्टो कोर्सा’ यांसारख्या गेममध्ये मात्र गाडीचे वजन, टायरची पकड आणि इंजिनाची ताकद यांचा हिशेब मांडलेला असतो. तिथे पहिले काही दिवस मुलगा गोल-गोल फिरून भिंतीवरच आदळतो.

ज्यांना तो जमतो, त्यांची शिकण्याची रीत साधारण सारखी असते. आधी मागच्या चाकांना ताकद मिळणारी, कमी शक्तीची गाडी घ्यायची. मग मोकळ्या मैदानात एकाच जागी वर्तुळ काढायचे. ते जमले की इंग्रजी आठचा आकडा. त्यानंतर एक वळण, आणि शेवटी एकाला लागून दुसरे. अॅक्सिलरेटर पूर्ण न दाबता त्याच्याशी बोटाने बोलत राहायचे. गाडीचे तोंड जिकडे आहे तिकडे न पाहता, जायचे आहे तिकडे पाहायचे. शेपूट सुटली की स्टिअरिंग उलटे फिरवायचे आणि ती परत येऊ लागली की वेळेत सरळ करायचे. इथे उशीर झाला तर गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते.

सेटिंगमध्ये ‘एबीएस’, ‘ट्रॅक्शन कंट्रोल’, ‘स्टॅबिलिटी कंट्रोल’ अशी बटणे असतात. ड्रिफ्टसाठी मुले ती बंद करतात. बंद केल्यावर गाडी किती बेभरवशाची होते, हे एकदा पाहिलेल्या मुलाला या यंत्रणा कशासाठी असतात, हे माहितीपत्रक वाचणाऱ्या बापापेक्षा चांगले कळलेले असते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली होणारी थरथर म्हणजे बिघाड नव्हे, तर चाके जाम होऊ नयेत म्हणून यंत्रणा करत असलेले काम, हे आजही अनेक चालकांना माहीत नसते. ते घाबरून ब्रेक सोडतात.

म्हणजे गेम खेळून खरे ड्रायव्हिंग येते?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण जॅन मार्डनबरो या ब्रिटिश तरुणाचे. निस्सान आणि ‘ग्रॅन टुरिस्मो’ गेमच्या कंपनीने चालवलेल्या ‘जीटी अकॅडमी’ स्पर्धेत २०११ मध्ये हजारो खेळाडूंतून तो पहिला आला आणि थेट खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या २४ तासांच्या ‘ल मान्स’ शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. २०२३ मध्ये त्याच्यावर ‘ग्रॅन टुरिस्मो’ नावाचा चित्रपट निघाला.

मुले ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पुढचीही सांगायला हवी. स्पर्धा जिंकल्यावर त्याला खऱ्या ट्रॅकवर प्रशिक्षकांच्या हाताखाली घासून घ्यावे लागले, मग शर्यतीचा परवाना मिळाला. इतके करूनही मार्च २०१५ मध्ये जर्मनीच्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर त्याची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षित चालक, बंद ट्रॅक, सुरक्षेची सगळी साधने आणि तरीही एक जीव गेला. त्या दिवशी ‘रिस्टार्ट’चे बटण नव्हते.

संशोधनही दोन्ही बाजूंनी बोलते. म्युनिकमधले मानसशास्त्रज्ञ पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शर्यतीचे गेम खेळल्यानंतर धोका पत्करण्याकडे, विशेषतः तरुण पुरुषांचा, कल वाढल्याचे दिसले. दुसरीकडे, अॅक्शन गेममुळे डोळा आणि हात यांचा मेळ सुधारतो, असेही प्रयोगांतून पुढे आले आहे. हात तयार होतो, पण त्याच वेळी भीती मोडते, असा याचा सरळ अर्थ लावता येईल. वाहन चालवताना भीती ही निरुपयोगी गोष्ट नाही. गाडीतल्या ब्रेकच्या आधी डोक्यातला ब्रेक तीच दाबते.

गेम काय लपवतो?

पहिली गोष्ट, शरीर. खऱ्या गाडीत शेपूट सुटते आहे हे डोळ्यांआधी कमरेला कळते. मोबाइलच्या पडद्यावर ही जाणीव पोहोचतच नाही. म्हणून गेममध्ये तरबेज झालेला मुलगा खऱ्या गाडीत घसरण सुरू झाल्यावर ती ओळखायला उशीर करतो.

दुसरी गोष्ट, गाडी. ड्रिफ्टची गाडी बुटकी आणि मागच्या चाकांवर चालणारी असते. आपल्या दारातली अल्टो, स्विफ्ट किंवा वॅगनआर पुढच्या चाकांवर चालते. तिच्यात वेगाने वळणात शिरलात तर ती बहुधा आडवी न होता सरळ वळणाबाहेर जाते, आणि गेममधले उलटे स्टिअरिंग तिथे कामाचे नसते. बोलेरो, स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर चालतात खऱ्या, पण त्या उंच आहेत. आडव्या सरकणाऱ्या उंच गाडीचे चाक खचलेल्या साइडपट्टीत किंवा खड्ड्यात अडकले की ती ड्रिफ्ट होत नाही, उलटते.

तिसरी गोष्ट, रस्ता. गेममधल्या रस्त्याची पकड पहिल्या फेरीत असते तीच दहाव्या फेरीत. तेलगाव परिसरात हंगामात रस्त्यावर उसाची मोळी पडलेली असते, शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल असतो, सांडलेले डिझेल असते. पहिल्या पावसात या सगळ्याचा लगदा होतो आणि तोच दिवस सर्वात निसरडा असतो.

वळणावरचे गणित काय सांगते?

उदाहरणादाखल ३० मीटर त्रिज्येचे, म्हणजे घाटात भेटते तसे, एक वळण धरू. कोरड्या चांगल्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक साधारण ०.७ मानला तर हे वळण ताशी सुमारे ५२ किलोमीटरच्या वेगापर्यंत घसरल्याशिवाय पार होते. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ वर आला की हीच मर्यादा ३९ वर येते. चिखलामुळे तो ०.३ झाला तर ३४ च्या आसपास. म्हणजे काल पंचेचाळीसच्या वेगाने सहज घेतलेले वळण आज, त्याच गाडीत आणि त्याच हातांनी, घेता येणार नाही. फरक चालकाच्या कौशल्यात पडलेला नसून रस्त्यात पडलेला आहे.

थांबण्याचा हिशेबही असाच. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला तर ते १७ मीटर गेलेच. त्यानंतर थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० आणि ओल्या रस्त्यावर ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. घाटातल्या वळणापलीकडे लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल, तर ती दिसण्यापूर्वीच तुमचा वेग ठरलेला असतो.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. बहुतेक चालकांना आपण अतिवेगात आहोत असे वाटलेही नसेल. कालच्या रस्त्याच्या हिशेबाने ते आजच्या रस्त्यावर होते.

मग खरे कौशल्य कोणते?

ते आपल्याकडे आहे. पण त्याला गुण देणारा पडदा नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चालवण्याच्या स्पर्धा यात्रेत भरतात. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे द्यावे लागते आणि दोन ट्रॉल्या असतील तर हा हिशेब पुन्हा उलटतो. तो मनात ठेवून इंचाइंचाने मागे जाणारा चालक ड्रिफ्ट करणाऱ्यापेक्षा कणभरही कमी नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर रात्री नंबर लावणारे कितीतरी चालक हे रोज करतात.

तीच गोष्ट एसटीच्या चालकांची. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर’ हा जुन्या चालकांचा नियम म्हणजे पकड वाचवण्याचे शास्त्र आहे. इंजिनाने गाडी रोखली की ब्रेक तापत नाहीत आणि गरजेच्या वेळी शाबूत असतात. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारा चालक हीच शिल्लक उधळत असतो. ड्रिफ्ट करणारा पकड कुठे संपते हे शोधून तिथेच खेळतो. चांगला चालक ती जागा ओळखून तिच्यापासून लांब राहतो. माहिती दोघांना एकच लागते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाला कार किंवा ट्रॅक्टर चालवता येत नाही. १६ व्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा परवाना. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकांनी विशेष वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, अशी तरतूद आहे. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणे आणि धोकादायक रीतीने गाडी चालवणे हे वेगळे गुन्हे आहेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला लगेच जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण गावाकडे सोळा वर्षांच्या पोराच्या हाती ट्रॅक्टरची चावी देऊन ‘पोरगं तयार झालं’ म्हणणारे आपणही त्या संतापात सामील होतो, हे विसरू नये. पोर्श असो की ट्रॅक्टर, कायद्याचे कलम तेच आहे.

पालकांनी आणि यंत्रणेने काय करावे?

मोबाइल हिसकावून घेण्याने प्रश्न सुटत नाही. मुलगा खेळत असेल तर शेजारी बसून त्याला विचारावे, ‘गाडी घसरली का? आता रस्ता ओला करून खेळून दाखव.’ ज्या गेममध्ये पावसाची सोय आहे, तिथे तेच वळण कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर किती वेगाने घेता येते, हे त्याला स्वतःला मोजू द्यावे. एबीएस चालू आणि बंद करून थांबण्यातला फरक पाहायला लावावा. वरचे सगळे गणित तो अर्ध्या तासात शिकेल आणि व्याख्यानापेक्षा चांगले लक्षात ठेवेल. त्याच बैठकीत, अठरा पूर्ण होईपर्यंत चावी मिळणार नाही, हेही न चिडता सांगावे.

यंत्रणेकडून अपेक्षा मोठी आहे. आपल्याकडची परवान्याची परीक्षा म्हणजे दुचाकीवर आठ काढणे आणि चारचाकी थोडी पुढे-मागे घेणे. ओल्या जागेवर अचानक ब्रेक लावायला कोणी सांगत नाही. घाट उतरताना कोणता गिअर, हे कोणी विचारत नाही. घसरलेली गाडी सावरण्याचा अनुभव परवानाधारकाला आयुष्यात पहिल्यांदा मिळतो तो अपघाताच्या क्षणीच. गेम खेळणाऱ्या मुलाला निदान पडद्यावर तरी तो मिळालेला असतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

भोसरीसारख्या ठिकाणी वाहन चालवण्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी संस्था आहे, पण धारूर तालुक्यातला तरुण तिथे जाणार कधी? जागा इथेच आहे. तेलगावसारख्या ठिकाणी साखर कारखान्यांचे वाहनतळ हंगामात शेकडो ट्रॅक्टरांनी भरतात आणि गाळप संपले की पावसाळा सरेपर्यंत बहुतांश मोकळे पडतात. परिवहन विभाग, एसटी महामंडळ आणि कारखाने यांनी ठरवले तर तिथे पाण्याचा एक टँकर, चार प्लास्टिकचे शंकू आणि घाटात आयुष्य घालवलेला एखादा निवृत्त एसटी चालक एवढ्या सामग्रीवर अठरा वर्षांवरील तरुणांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण घेता येईल. ऊस वाहतुकीचा करार करताना चालकाने ते घेतलेले असावे, अशी अट कारखाने सहज घालू शकतात. ट्रॉलीला मागे दिवा आणि परावर्तक पट्टी असावी, ही अटही त्याच कागदावर बसेल.

हंगाम दरवर्षी सुरू होतो आणि घाटही दरवर्षी तोच असतो. मोबाइलवर ड्रिफ्ट शिकलेली मुले येत्या दोन-तीन वर्षांत परवाना काढून याच रस्त्यांवर येणार आहेत. पकड कुठे सुटते, हे त्यांना आधीच ठाऊक आहे. ती सुटू कशी द्यायची नाही, हे शिकवण्याची सोय तोपर्यंत व्हायला हवी.